इंग्लंडमध्ये डीआयवाय लिव्हरीवर घोडा ठेवताय? आधी वेळेचं आणि बेडिंगचं बघा

इकडे पोरं रायडिंग शिकायला लागली की कधी ना कधी घरात विषय निघतोच, आपला स्वतःचा पोनी घेऊया का. मग फुल लिव्हरीचे, म्हणजे पैसे देऊन दुसऱ्याच्या तबेल्यात घोडा ठेवायचा आणि सगळं काम त्यांनीच करायचं याचे, आकडे बघितले की सगळे गप्प होतात आणि यार्डवरचं, म्हणजे तबेल्यांच्या आवारातलं, कुणीतरी सांगतं की डीआयवायवर (डू इट युअरसेल्फ) ठेवा, खूप स्वस्त पडतं. स्वस्त पडतं हे खरंय, पण का ते नीट समजून घ्या. डीआयवायमध्ये तुम्ही पैसे देता ते फक्त तबेल्याचे आणि चरायच्या कुरणाचे. लीद काढणं, पाणी, गवत, खरारा, खूर साफ करणं, अंगावरचा रग (घोड्याची शाल) बदलणं, सकाळी बाहेर सोडणं आणि संध्याकाळी आत आणणं हे सगळं तुमचं, रोज दोनदा, दिवाळीच्या दिवशी पण आणि तुम्हाला ताप आला तरी पण. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर हे सगळं साईस बघतात, इथे मालक डॉक्टर असो नाहीतर आयटीवाला, फावडं त्याच्याच हातात.

एका फेरीला तासभर धरा, त्यात गाडी चालवायचा वेळ वेगळा. डिसेंबरात सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आसपास मावळतो, म्हणजे नोकरी करणाऱ्याच्या दोन्ही फेऱ्या अंधारात, हेड टॉर्च लावून. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की मोठा अरीना (रायडिंगचं मैदान) आणि छान कॅफे असलेल्या लांबच्या यार्डपेक्षा घरापासून दहा मिनिटांवरचं साधं यार्ड घ्या. आणि दोघांच्याही नोकऱ्या असतील तर असिस्टेड डीआयवाय मिळतंय का विचारा, त्यात थोडे जास्त पैसे देऊन सकाळचं काम यार्डवाले करतात.

यार्ड बघायला जाल तेव्हा तबेल्यात आत जाऊन उभे रहा. ब्रिटिश हॉर्स सोसायटीच्या शिफारशीप्रमाणे घोड्याला निदान १२ बाय १२ फूट आणि छोट्या पोनीला १० बाय १० फूट जागा पाहिजे. मग खाली वाकून वास घ्या. उभ्याने काही जाणवत नाही, पण घोडा आडवा झाला की त्याचं नाक जमिनीपाशी येतं आणि मूत्रातून येणारा अमोनिया तिथेच असतो, डोळे चुरचुरले तर हवा खेळत नाहीये किंवा निचरा नाहीये. थंडीत नळ गोठला तर पाणी कुठून आणायचं, गवत आणि बेडिंग (घोड्याखाली अंथरायचं काड किंवा भुसा) ठेवायला कोरडी जागा मिळणार का, उकिरडा कोण उचलतं, आणि कुठलं बेडिंग चालतं हे आधीच विचारा, कारण काही यार्डांवर एकच प्रकार वापरायची अट असते. कुरणात पिवळ्या फुलांचं रॅगवर्ट आहे का बघा, ते यकृत खराब करतं, ओलं असताना कडू म्हणून घोडे सहसा टाळतात पण गवतात वाळून आलं तर खाऊन टाकतात. बाजूला सिकामोरची झाडं असतील तर त्याच्या बिया आणि कोंब पण विषारी. आणि नवीन घोड्याला पहिले दोनतीन आठवडे वेगळं ठेवायला लावत असतील तर नाराज होऊ नका, स्ट्रँगल्स हा घशाचा संसर्गजन्य आजार पसरू नये म्हणून ते असतं, असं यार्ड चांगलं समजा.

कागदपत्रं पटकन सांगते. घोड्याचा पासपोर्ट लागतोच, इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२० पासून मायक्रोचिप सगळ्या घोड्यांना सक्तीची आहे, आणि थर्ड पार्टी इन्शुरन्स घ्याच, ब्रिटिश हॉर्स सोसायटीच्या गोल्ड मेंबरशिपमध्ये तो येतो. नाल ठोकायचं काम फक्त रजिस्टर्ड फॅरियरच करू शकतो, १९७५ पासून तसा कायदाच आहे, आणि दर सहा ते आठ आठवड्यांनी त्याला बोलवावं लागतं.

आता बेडिंग. नवीन लोक सगळ्यात आधी इथेच पैसे वाचवायला बघतात आणि घोड्याचे हाल होतात. घोडा उभ्या उभ्या डुलकी घेतो हे खरंय पण गाढ स्वप्नांची झोप त्याला आडवं झाल्याशिवाय मिळत नाही. बेड पातळ किंवा ओला असेल तर तो बसतच नाही, आणि असं बरेच दिवस चाललं की उभ्यानेच झोप लागून गुडघ्यांवर कोसळतो. शिवाय ओल्यात उभं राहून खुराच्या तळाला थ्रश होतो, काळं घाण वासाचं कुजणं असतं ते.

गव्हाचं काड सगळ्यात स्वस्त, उबदार, निचरा पण छान, पण घोडा ते खात बसतो, धूळ असते आणि उकिरडा भराभर वाढतो. दम्याची तक्रार असलेल्या घोड्याला काड नको, त्याला धूळ काढलेल्या शेव्हिंग्ज (लाकडाच्या पातळ सालपटी) किंवा लाकडाच्या पेलेट्स (भुसा दाबून केलेल्या गोळ्या) बऱ्या. सुताराकडचा फुकटचा भुसा मात्र चुकूनही आणू नका, त्यात काळ्या अक्रोडाचं लाकूड असेल तर काही तासांत लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतली दुखरी सूज, होऊ शकतो, आणि रसायन मारलेलं लाकूड असेल तर ते वेगळंच. हेम्प (भांगेच्या झाडाच्या देठाचा चुरा) भरपूर शोषतं पण महाग. रबर मॅट खाली असावी, पण नुसत्या मॅटवर भागवू नका, मूत्र तिच्यात मुरत नाही.

पहिल्यांदा करणाऱ्याला मी पेलेट्सच सुचवेन. १५ किलोच्या बॅगा असतात, ठेवायला जागा कमी लागते, १२ बाय १२ च्या तबेल्यात मॅटवर साधारण सहा ते आठ बॅगांनी सुरुवात होते. ओतायच्या, वरून पाणी शिंपडायचं, फुलून भुसा होईपर्यंत थांबायचं आणि मग पसरायचं. भिंतीकडेला थोडा उंच बांध करतात, म्हणजे वारा कमी लागतो. बेड पुरेसा आहे का हे बघायला लीद उचलायचा दातेरी काटा जोरात खाली दाबा, टोकं जमिनीला लागली तर अजून घाला.

साफ करताना घोडा आधी बाहेर काढा, धूळ त्याच्या नाकात जायला नको. पाण्याची बादली पण बाहेर. वरची लीद उचला, मग कोरडं चांगलं बेडिंग भिंतीकडे सारा आणि ओला भाग शोधा, बरेच घोडे रोज त्याच त्याच जागी मूत्र करतात त्यामुळे चार दिवसांत तुम्हाला जागा कळते. काड असेल तर ओलं रोज काढा, जमीन झाडून जरा वाळू द्या. पेलेट्स असतील तर ओला भाग रोज उकरायची गरज नाही, आठवड्यातून दोनतीनदा पूर्ण उचलला तरी चालतो, रोज ढवळलं तर सगळा बेड ओला होऊन बसतो. डीप लिटर म्हणजे फक्त लीद काढून वर नवीन थर टाकत राहायचं, काही जण हिवाळाभर करतात, पण हवा चांगली नसेल तर अमोनिया साठतो म्हणून सुरुवातीला नको.

एक घोडा दिवसाला २० किलोच्या वर लीद टाकतो, तेव्हा बॅरो (एकचाकी ढकलगाडी) मजबूत घ्या आणि उकिरड्यावर नुसतं पुढे ओतून जाऊ नका, मागपर्यंत नेऊन रचा, यार्डवर भांडणं होतात ती बहुतेक यावरूनच. वाळल्या गवताचा हिशोब ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण १० किलो धरा आणि पाणी कायम भरलेलं.

शेवटचं म्हणजे घोडा यायच्या आधीच यार्डवर एक जोडीदार शोधा. आज तुमच्या घोड्याचं सकाळचं त्याने केलं तर शनिवारी त्याचं तुम्ही. तबेल्याच्या दारावर तुमचा नंबर, व्हेटचा नंबर आणि घोड्याला काय, किती द्यायचं हे मोठ्या अक्षरात लिहून लावा. आणि बेडिंगची पूर्ण पॅलेट (लाकडी फळ्यांवर रचलेला बॅगांचा गठ्ठा) सप्टेंबरातच मागवा, दोघांत वाटून घेतली तर ठेवायला पण जमतं.