होळी झाली की कॉम्प्युटरही उघडा

नागपुरात होळी आटोपली की घरोघरी कूलर निघतो. टाकी घासली जाते, वाळ्याच्या नव्या ताट्या बसतात, पंप पाणी ओढतो की नाही ते पाहिलं जातं. माझा आग्रह असा, की त्याच रविवारी घरातला कॉम्प्युटरही उघडून साफ करावा. एप्रिल लागला की मानेवाड्यातल्या आमच्या गल्लीतून माझ्याकडे एकच तक्रार येते: "ताई, मशीन भल्ली स्लो झाली, व्हायरस आला वाटते." कोणी तर बर्डीवर जाऊन नव्या लॅपटॉपची किंमतही विचारून आलेलं असतं. मी म्हणते, "काकाजी, पैसे खिशातच राहू द्या. आधी उघडून पाहू." बहुतेक वेळा व्हायरस नसतो आणि मशीन म्हातारीही झालेली नसते. ती तापलेली असते.

हे का होतं ते समजून घेतलं की पुढची सगळी कामं आपोआप सुचतात. कॉम्प्युटरचा पंखा हवा थंड करत नाही. तो खोलीतलीच हवा तापलेल्या धातूवरून फिरवतो. त्यामुळे प्रोसेसर, म्हणजे सगळी आकडेमोड करणारी मुख्य चिप, नेहमी खोलीपेक्षा काही अंशांनी गरमच राहणार. समजा डिसेंबरात खोली २२ अंशांवर आहे आणि काम करताना प्रोसेसर ७० वर जातो. फरक झाला ४८ अंशांचा. मे महिन्यात दुपारी वरच्या मजल्यावरची खोली ४० वर गेली, की तेच काम करताना तो ८८ वर जाईल. त्यात वर्षभराची धूळ अडकून फरक ६० झाला, की आकडा थेट १००. बऱ्याच इंटेल प्रोसेसरची मर्यादा याच्याच आसपास असते. तिथे पोचल्यावर प्रोसेसर जळत नाही, तो स्वतःचा वेग कमी करून स्वतःला वाचवतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. आपल्याला दिसतं ते एवढंच, की ब्राउझर अडखळतोय, व्हिडिओ कॉल तुटतोय आणि पंखा घोंघावतोय.

म्हणून पहिलं काम मोजणी. विंडोजवर एचडब्ल्यू-इन्फो हा फुकट प्रोग्राम चांगला आहे, लिनक्सवर (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) एलएम-सेन्सर्स. कॉम्प्युटर सुरू करून काही न करता पाच मिनिटं ठेवा, आकडा लिहा. मग नेहमीचं जड काम दहा-पंधरा मिनिटं करा आणि सर्वांत वरचा आकडा लिहा. शेजारी खोलीचं तापमानही लिहा, कारण त्याशिवाय बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही. सेन्सरवर डोळे झाकून विश्वासही ठेवू नये. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली आणि नंतर हवामान खात्याने तो सेन्सरचा दोष असल्याचं सांगितलं. घरच्या मशीनसाठी सोपी कसोटी अशी: पंख्यावर थंड होणारा प्रोसेसर खोलीपेक्षा थंड असूच शकत नाही. तसं दिसलं तर तो सेन्सर खोटं बोलतोय, दुसरा पाहा.

आता सफाई. सकाळी लवकर, गॅलरीत किंवा गच्चीवर. डेस्कटॉप शटडाऊन करा, मागचं बटण बंद करा, वायर काढा आणि पुढचं पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. कोरड्या उन्हाळ्यात अंगावर स्थिर वीज जास्त साचते, म्हणून आतल्या कशालाही हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि काम करताना अधूनमधून लावत राहा. धुळीसाठी हातातला छोटा ब्लोअर आणि रंगकामाचा मऊ ब्रश पुरतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने अडवून धरा. नाहीतर हवेच्या जोराने तो नको तेवढा फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या प्लास्टिकच्या नळीवर स्थिर वीज तयार होते. पॉवर सप्लायच्या डब्यात बाहेरूनच हवा मारा. तो डबा कधीही उघडू नका, आतले कपॅसिटर वायर काढल्यानंतरही धक्का देण्याइतका भार धरून ठेवतात.

खरी धूळ कुठे असते? प्रोसेसरच्या पंख्याखाली, हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पातळ पत्र्यांच्या मध्ये. वरून पंखा स्वच्छ दिसतो आणि खाली राखाडी गादी बसलेली असते. पंखा सोडवून वेगळा करा आणि ती गादी काढा. नुसत्या एवढ्या कामाने आकडे बरेच खाली आलेले मी अनेक घरांत पाहिले आहेत.

मशीन चार-पाच वर्षांची असेल तर थर्मल पेस्टही बदला. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली ही पेस्ट वाळून भुसभुशीत झालेली असते. हीटसिंक काढण्याआधी कॉम्प्युटर पाच-दहा मिनिटं चालवा, म्हणजे पेस्ट मऊ होते. मग बंद करून, वायर काढून, हीटसिंक किंचित डावी-उजवीकडे फिरवत उचला. सरळ वर ओढू नका. एएमडी कंपनीच्या एएम-फोर सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसतो ती जागा) पिना प्रोसेसरलाच असतात आणि सरळ ओढल्यास हीटसिंकला चिकटून प्रोसेसरच बाहेर येतो. इंटेल प्रोसेसरसोबत येणाऱ्या हीटसिंक-पंख्याच्या जोडीला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्यांच्यावर बाण काढलेला असतो. बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढली की खुंटी सुटते. बसवताना त्या उलट फिरवून जागेवर आणायच्या आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतून एकेक दाबायच्या. प्रत्येकीचा "टक" असा आवाज यायलाच हवा. तीन बसल्या आणि एक उरली, तर सगळी मेहनत वाया गेली समजा.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. चष्म्याचं जुनं कापड उत्तम. नवी पेस्ट मधोमध तुरीच्या दाण्याएवढी ठेवा, बस. पसरवायची गरज नाही, दाबाने ती आपोआप पसरते. जास्त पेस्ट म्हणजे जास्त गारवा, असं नाही. तिचं काम फक्त दोन धातूंमधल्या बारीक फटी भरायचं आहे.

लॅपटॉपचं तत्त्व तेच, पण हात हलका हवा. खालचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर लॅपटॉपची आकृती काढा आणि जिथला स्क्रू तिथेच टोचून ठेवा. झाकण उघडल्यावर आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, मग बाकीचं. हवा बाहेर जाते त्या जाळीच्या आतल्या बाजूला धुळीचा पट्टा असतो, तो चिमट्याने अख्खा निघतो. झाकण चिकटवलेलं असेल किंवा वॉरंटी चालू असेल तर घरी उघडू नका, दुकानात समोर उभं राहून करून घ्या.

आता कूलर. नागपुरात याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही, आणि कॉम्प्युटरची माहितीपत्रकं लिहिणाऱ्यांच्या ते गावीही नसतं. आपली उन्हाळ्यातली हवा कोरडी, म्हणून ताट्यांतलं पाणी भराभर उडतं आणि हवा गार होते. हीच हवा ओलीही असते. कॉम्प्युटर कूलरच्या थेट झोतात ठेवला तर हवेबरोबर बारीक तुषार आत जातात. पाणी सुकतं, पाण्यातले क्षार बोर्डावर राहतात. ताट्यांवर मेअखेर जो पांढरा थर दिसतो तोच हा. बोअरचं पाणी वापरत असाल तर जास्तच. तुमच्याकडे हे सुरू झालंय का, ते पाहायला मशीन उघडावी लागत नाही. कॅबिनेटच्या मागचे स्क्रू आणि यूएसबीची तोंडं टॉर्च लावून पाहा. गंज किंवा हिरवट डाग दिसले की जागा बदला.

जागा कुठली? कूलरच्या झोताच्या बाजूला, समोर नाही. खोली गार झाल्याचा फायदा मशीनला मिळाला पाहिजे, फवारा नको. खोलीची दुसरी खिडकी थोडी उघडी ठेवा, ओल बाहेर गेली नाही तर कूलर माणसालाही गार करत नाही. पंप बंद करून नुसता कूलरचा पंखा चालवायची सवय असेल तर कॉम्प्युटर असलेल्या खोलीत ती सोडा, तो बाहेरची गरम धूळ आत फेकतो. पश्चिमेच्या भिंतीला टेबल लावू नका, ती भिंत रात्री दहापर्यंत भाजत असते. कॉम्प्युटर टेबलच्या खालच्या बंद कप्प्यात कॅबिनेट कोंबलेलं असेल तर आजच बाहेर काढा. त्या कप्प्यात मशीन स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत बसते. कॅबिनेट जमिनीवरही नको, विटेएवढ्या उंचीवर ठेवलं तरी झाडूची धूळ बरीच टळते. आणि कूलर व कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर कधीच लावू नका. कूलरच्या पत्र्यात करंट उतरून दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. घरचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, हे कॉम्प्युटरपेक्षाही मोठं काम आहे.

सगळं करूनही मे महिन्यातल्या दुपारी आकडा नव्वदीत जात असेल तर विंडोजमध्ये एक बिनपैशाचा उपाय आहे. पॉवर ऑप्शन्समधल्या प्रगत सेटिंगमध्ये "मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट" १०० ऐवजी ९९ टक्के करा. एका टक्क्याने काय होणार, असं वाटेल. पण यामुळे प्रोसेसरचा टर्बो बूस्ट, म्हणजे गरज पडली की आपोआप वाढणारा वेग, थांबतो, आणि सर्वांत जास्त उष्णता त्या बूस्टचीच असते. टायपिंग, बँकेची कामं, मुलांचे ऑनलाइन वर्ग यांत फरक जाणवत नाही. पावसाळा लागला की पुन्हा १०० करा. काही लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपवलेला असतो, तिथे कंपनीच्या प्रोग्राममधला शांत किंवा "क्वाएट" मोड वापरा.

लॅपटॉपखाली ठेवायच्या पंख्यांच्या पॅडवर माझा फारसा भरवसा नाही. मागची बाजू दोन लाकडी पट्ट्यांवर इंचभर उचलली की बराचसा फायदा तसाच मिळतो. पलंगावर, उशीवर लॅपटॉप ठेवू नका. आणि "क्लीनर", "बूस्टर" नावाचे प्रोग्राम काढून टाका, धूळ सॉफ्टवेअरने निघत नाही.

तापमान आटोक्यात आलं तरी मशीन रखडतेय? मग आत जुनी फिरती हार्ड डिस्क आहे का पाहा. ती सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, साधी साटा एसएसडी (काहीही न फिरणारी, चिपवर चालणारी डिस्क) ५०० च्या वर. शिवाय एसएसडी कमी तापते. माझ्या मते जुन्या मशीनवर खर्च करायचाच तर पहिला तिच्यावर. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, म्हणून अनेकांना मशीन टाकून द्यावी लागेल असं वाटतं. इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या बहुतेक प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, हे खरं. पण अशा मशीनवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती छान चालते. मराठी टायपिंगही होतं. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहा, आवडली तरच मशीनमध्ये बसवा.

बॅटरीचं थोडक्यात. लिथियम बॅटरीला उष्णता आणि पूर्ण चार्ज हे दोन्ही एकत्र सोसत नाही. दिवसभर चार्जर लावून बसत असाल तर चार्जची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा, बहुतेक कंपन्यांच्या प्रोग्राममध्ये किंवा बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) ही सोय असते. स्कूटीच्या डिक्कीत लॅपटॉप ठेवून उन्हात गाडी लावू नका. टचपॅड वर उचललेलं दिसलं किंवा खालचं झाकण फुगलं, तर चार्जर काढा, वापर थांबवा आणि बॅटरी बदलून घ्या. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची तर मुळीच नाही.

यूपीएसची बॅटरी वेगळ्या जातीची, शिसे-आम्लाची. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून आपल्याकडे ती डब्यावर लिहिलेल्या वर्षांइतकी टिकत नाही. मार्चमध्येच कसोटी घ्या: सगळी कामं सेव्ह करून भिंतीचं बटण बंद करा. कॉम्प्युटर पाच मिनिटंही तग धरत नसेल तर आतली १२ व्होल्टची बॅटरी बदला, अख्खा यूपीएस टाकू नका. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो, त्यावर लेझर प्रिंटर लावू नये. यूपीएसला कॅबिनेटच्या मागच्या गरम झोतात ढकलू नका.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, सरला की संध्याकाळची वादळं सुरू होतात. ढग गडगडायला लागले की कॉम्प्युटर नुसता बंद करून पुरत नाही, प्लग काढा. राउटरचाही काढा आणि तांब्याच्या तारेने इंटरनेट येत असेल तर राउटरमधली ती तारही. वीज लाइटच्या वायरीतूनच यावी असं काही नाही, लॅनच्या केबलमधून येऊन ती नेटवर्क कार्ड आणि मदरबोर्ड दोन्ही घेऊन जाते. फायबरच्या तारेत धातू नसेल तर ती राहू द्या, पण तिच्या डब्याचा प्लग काढाच.