प्लेअरचा बॅकअप दुसऱ्या घरी ठेवताय? या चुका टाळा

आमच्या सोसायटीत आठ-दहा घरांत तरी मी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक बसवून दिला असेल, पुढे त्याला नुसतं पाय म्हणते. टीव्हीमागे चिकटवलेली डबी, त्यात सिनेमे-व्हिडिओ लावणारा कोडी नाहीतर जेलीफिन हा प्रोग्रॅम, शेजारी यूएसबीची हार्ड डिस्क. इथपर्यंत सगळे खूश असतात. मग एखाद्या शनिवारी कुणाची तरी डिस्क टकटक करायला लागते आणि मला फोन येतो, "ताई, बॅकअपचं काहीतरी स्वस्तातलं सांगा ना, आजच्या आज होईल असं." आजच्या आज म्हटलं की पुढचा सगळा गोंधळ मला आधीच दिसायला लागतो.

स्वस्तातला उपाय आहे. माझा बॅकअप ठाण्यातल्या वर्तकनगरहून नवी मुंबईतल्या नेरूळला दादाच्या घरी जातो. तिथे एक जुना पाय आणि 2 टीबीची डिस्क चोवीस तास चालू असते. दोन्ही मिळून साधारण 8 वॅट खातात, म्हणजे महिन्याला 6 युनिटच्या आत. दादा त्याचं बिल लावत नाही, मी गणपतीत मोदक नेते. यात अवघड काहीच नाही, तरी चुका मात्र जो तो त्याच करतो.

आरसा म्हणजे बॅकअप नव्हे

ही चूक आधी माझीच सांगते, म्हणजे उपदेश करते असं कुणाला वाटायला नको.

बाबा हौशी रंगभूमीवर काम करायचे. त्यांच्या तालमी, गडकरी रंगायतनमधले दोन प्रयोग, असं सगळं 22 मिनीडीव्ही कॅसेटवर होतं. मिनीडीव्हीला घाई चालत नाही. तासाची कॅसेट संगणकात घ्यायला तासच लागतो आणि तासाचे 13 जीबी होतात. महिनाभर रोज रात्री जेवणं आटोपली की एक कॅसेट लावायची, असं करत मी त्या उतरवल्या. पुढे रोज रात्री अडीच वाजता पाय आपणहून आरसिंक हा फायलींची नक्कल करणारा प्रोग्रॅम चालवायचा आणि नेरूळच्या डिस्कवर हुबेहूब प्रत, म्हणजे आरसाच, व्हायची. हुबेहूब हवी म्हणून मी आरसिंकला 'डिलीट' हा पर्याय दिला होता. इथलं पुसलं की तिथलंही पुसायचं, जागा वाया जायला नको. तेव्हा मला ते फार हुशारीचं वाटलं होतं.

जूनमधल्या एका रात्री धो धो पाऊस होता, वीज दोनदा गेली आणि आली. पाय पुन्हा सुरू झाला, डिस्क काही उठली नाही. डिस्क सापडली नाही तरी अडून बसू नकोस, असं मीच एफएसटॅब या डिस्क जोडण्याच्या यादीत 'नोफेल' लिहून त्याला सांगून ठेवलं होतं. त्यामुळे डिस्क जिथे जोडली जायची ते फोल्डर जागेवर होतं, पण रिकामं. अडीच वाजले. आरसिंकने इकडे पाहिलं तर काही नाही, तिकडे पाहिलं तर खच्चून भरलेलं. मग त्याने सांगितलेलं काम इमानेइतबारे केलं. वाचताना त्रुटी आली तर आरसिंक पुसणं आपोआप थांबवतं, पण रिकामं फोल्डर ही त्याच्या लेखी त्रुटीच नाही. सकाळी लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदीत, सगळं ठीकठाक.

आता म्हणाल, मूळ डिस्क होती ना! ती त्या रात्री उठली नाही याचं कारणच हे होतं की ती शेवटच्या घटका मोजत होती. आणखी चार दिवसांनी ती कायमची गेली. मी माळ्यावरून कॅसेट पुन्हा खाली काढल्या. मधल्या चार पावसाळ्यांत ठाण्याच्या दमट हवेने सात कॅसेटना बुरशी धरली होती. पंधरा परत उतरल्या. एका प्रयोगाचा दुसरा अंक कुठेच नाही, ना टेपवर ना डिस्कवर.

तेव्हापासून तीन सवयी लावून घेतल्या. डिस्कवर 'इथे-आहे' नावाची एक रिकामी फाईल ठेवली आहे. बॅकअप चालवणारी स्क्रिप्ट आधी ती शोधते, नसेल तर काम तिथेच थांबवून मला फोनवर निरोप पाठवते. दुसरं, आरसिंकच्या 'मॅक्स-डिलीट' पर्यायावर 50 चा आकडा टाकला. एका रात्रीत पन्नासपेक्षा जास्त फायली मी स्वतः कधीच पुसत नाही, तर त्याने का पुसाव्यात? तिसरं म्हणजे पलीकडे काही पुसायचंच नाही. आरसिंकमध्ये 'बॅकअप-डर' नावाचा पर्याय आहे, त्यामुळे काढून टाकलेली फाईल तारखेच्या फोल्डरमध्ये सरकते. ती फोल्डरं मी दोनेक महिन्यांनी हाताने साफ करते, चहा पीत, एकेक बघून.

रेस्टिक किंवा बोर्ग हे बॅकअपचे प्रोग्रॅम वापरले तर रोजचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या दिवशीच्या प्रती, मिळतात आणि ही कसरत करावी लागत नाही, हे मला ठाऊक आहे. पण नेरूळची डिस्क काढून सरळ टीव्हीला लावली तर त्यावरचं दिसायला हवं, हा माझा हट्ट आहे. रेस्टिकची डिस्क टीव्हीला लावून काही दिसत नाही.

याच चुकीचं उलटं रूपही असतं. पलीकडची डिस्क जोडलेली नसते आणि सगळा माल पायच्या 32 जीबीच्या कार्डात ओतला जातो. कार्ड भरतं, पाय गुदमरतो. उपाय तोच, तिथेही खुणेची फाईल ठेवायची.

दोन डिस्क रेडमध्ये, म्हणजे एकीवरचं लगेच दुसरीवरही जाईल अशा, लावल्या म्हणजे बॅकअप झाला, असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलं आहे.

पहिली प्रत इंटरनेटवरून पाठवणं

दुसरी लाडकी चूक. घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी 2 टीबी चढवायला घेतले आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "अडकलंय कुठेतरी." काही अडकलं नव्हतं. त्यांच्या प्लॅनमध्ये उतरवण्याचा वेग 100 होता, चढवण्याचा 20. आणि ते 20 मेगाबिट, मेगाबाइट नव्हेत, म्हणून आधी आठाने भागा. 2 टीबीला 20 मेगाबिटने सव्वानऊ दिवस लागतात, तेही रात्रंदिवस एकदाही न तुटता. मधल्या काळात घरात कुणाचा व्हिडिओ कॉल धड लागत नव्हता, आणि त्याचं खापर अर्थातच माझ्या पायवर फुटलं. बऱ्याच घरगुती प्लॅनना महिन्याला 3.3 टीबीची मर्यादा असते आणि चढवलेलं त्यात धरतात, हा भाग वेगळाच.

पहिली प्रत घरीच करावी. डिस्क समोर ठेवून यूएसबी 3 ने 2 टीबी भरायला पाच-सहा तास लागतात. मग ती रुमालात गुंडाळून पिशवीत घालायची आणि ठाण्याहून नेरूळची लोकल पकडायची. तासाभरात 2 टीबी म्हणजे सेकंदाला 4 गिगाबिटपेक्षा जास्त. ट्रान्स हार्बरइतका वेग मला कुठल्याच कंपनीने दिलेला नाही, आणि तिकीट किती ते तुम्हाला माहीतच आहे. त्यानंतर रोजचं जे थोडंफार नवं असेल तेवढंच इंटरनेटवरून जातं. तेही रात्री, वेगाला लगाम घालून.

मुळात 2 टीबी कशाचे, हेही विचारा. डीव्हीडीवरून उतरवलेले सिनेमे पुन्हा उतरवता येतात. मुंजीचा व्हिडिओ पुन्हा काढता येत नाही. त्या गृहस्थांच्या 2 टीबीत घरचं असं 140 जीबी निघालं. कोडीचं पोस्टरचं फोल्डरही पाठवू नका, ते परत आपोआप भरतं. 'यूजरडेटा'मधला डेटाबेस मात्र पाठवा, कारण काय पाहिलं आणि कुठे थांबलो ते सगळं त्यात असतं. आणि तो कोडी बंद करून मगच उचला. चालू डेटाबेसची प्रत कधी धड निघते, कधी अर्धवट. लिब्रेइलेक या कोडीसाठीच्या सिस्टिममधून बॅकअप घेऊन ती फाईल त्याच कार्डावर ठेवणारे तर दर महिन्याला एक भेटतात. घराला कुलूप लावून किल्ली आतच ठेवण्यातला प्रकार.

राउटरशी कुस्ती

"पोर्ट फॉरवर्डिंग केलं, तरी बाहेरून लागत नाही." तीन रात्री जागून झाल्यावर लोक हे सांगायला येतात. म्हणजे बाहेरून पायपर्यंत पोचायला राउटरमध्ये दार उघडलं, तरी उपयोग नाही. आधी राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता बघा. तो 100.64 ते 100.127 यांच्यात सुरू होत असेल तर तुमच्या कंपनीने एकच पत्ता अनेक घरांत वाटला आहे. त्याला सीजीनॅट म्हणतात. तिथे तुम्ही स्वतःच्या राउटरची कितीही दारं उघडा, सोसायटीचं फाटक तुमच्या हातात नाही. दोन्हीकडे टेलस्केल हा दोन घरं खासगी जाळ्याने जोडणारा प्रोग्रॅम टाका आणि झोपा. ते आतून वायरगार्ड ही कुलूपबंद जोडणीच वापरतं आणि दोन्ही पाय एका खोलीत असल्यासारखे बोलतात. पोर्ट उघडा मिळाला म्हणून साध्या पासवर्डवर एसएसएच, म्हणजे दुरून पायमध्ये शिरायचा रस्ता, जगासमोर ठेवणाऱ्यांसाठी माझ्याकडे वेगळे शब्द आहेत, ते इथे लिहिता येत नाहीत.

देवनागरी नावांची गंमत

हा खास आपला घोळ. इंग्रजी लेखांत तो सापडत नाही. दुसऱ्या घराऐवजी क्लाउडवर ठेवणारे आरक्लोन या फायली क्लाउडवर पाठवणाऱ्या प्रोग्रॅमचं 'क्रिप्ट' वापरतात आणि फायलींची नावंही कुलूपबंद करतात. ते चांगलंच आहे. पण मग नावाची मर्यादा साधारण 143 बाइटवर येते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला तीन, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे प्रत्येक वेगळे मोजले जातात. 'आजीचं सहस्रचंद्रदर्शन, नौपाडा, कॅमेरा दुसरा, भाग पहिला' हे नाव एमपी4च्या शेपटीसह 148 बाइट भरतं. ती एक फाईल जात नाही, बाकीच्या हजार जातात, आणि शेवटची त्रुटीची ओळ कुणी वाचत नाही. मी नावं मराठीतच ठेवते, फक्त आखूड. 'आजी-सहस्रचंद्र-2-1' पुरतं.

क्लाउडचंच निघालं म्हणून. सगळ्यात स्वस्त दर बघून ॲमेझॉनच्या डीप आर्काइव्हमध्ये माल टाकू नका. तिथून काही मागवलं की साध्या मार्गाने बारा तासांपर्यंत थांबावं लागतं, 180 दिवसांच्या आत काढून टाकलं तरी तेवढ्या दिवसांचं भाडं लागतं, आणि परत आणण्याचे पैसे वेगळे. ठेवण्याचा दर सगळे बघतात, आणण्याचा कुणी बघत नाही.

क्रिप्टचा पासवर्ड त्याच पायवर ठेवलात तर पायबरोबर तोही गेला. माझा कागदावर लिहून दादाच्या लॉकरमध्ये आहे.

डिस्क मधूनच गायब होते? आधी चार्जर बघा. पाय 4 हे मॉडेल चारही यूएसबीला मिळून 1.2 अँपिअरच देतं, त्यात मोबाइलचा जुना चार्जर लावला तर पडद्यावर विजेची पिवळी खूण दिसते आणि लोक ती वर्षभर बघत बसतात. डिस्कला स्वतंत्र वीज असलेला हब घ्या.

वीज गेल्यावर पाय 4 घड्याळ विसरतो, कारण त्याला बॅटरीचं घड्याळच नाही. राउटर उठायच्या आत तो उठला तर जुन्याच तारखेत वावरतो आणि सुरक्षित जोडण्या नाकारल्या जातात. राउटरला छोटा यूपीएस लावा. स्क्रिप्टही पाच मिनिटं उशिरा सुरू केली तर बरं.

पलीकडचं घर

दिवाळीच्या साफसफाईत वहिनीने नेरूळच्या पायचा प्लग काढला आणि तिथे आकाशकंदिलाची वायर लावली. मला कळलं संक्रांतीला, तिळगूळ द्यायला गेले तेव्हा. चूक तिची नव्हती. अडीच महिने बॅकअप झाला नाही आणि मला पत्ता नाही, म्हणजे चूक माझी. बिघडलं तर नेरूळच्या पायने निरोप द्यावा, अशी सोय मी केली होती. पण बंद पडलेला पाय निरोप कसा पाठवणार? आता उलटं केलं आहे. काम नीट झालं की दर रविवारी सकाळी नेरूळहून फोनवर एक ओळ येते, किती फायली आणि किती जागा उरली. नऊपर्यंत ती आली नाही की मी वहिनीला फोन करते.

महिन्यातून एकदा त्यातलीच कुठलीही एक फाईल परत ओढून घेते आणि टीव्हीवर पाच मिनिटं चालवून बघते. मागच्या खेपेला बाबांची तालीम आली. चित्र ठीक होतं, आवाज डाव्याच स्पीकरमधून येत होता. मूळ कॅसेटवरही तसाच आहे.