टेलेमार्कच्या तळ्यांकडे पोराबाळांसकट निघालात? आधी या चुका टाळा

दरवर्षी एप्रिल आला की मला तेच मेसेज येतात. कुणाची तरी नणंद नाहीतर नवऱ्याचा कॉलेजचा मित्र, "मे महिन्यात नॉर्वेला येतोय, तुम्ही ऑस्लोत असताच, तर जरा शांत, तळीबिळी असलेलं, मुलांना आवडेल आणि आईबाबांनाही झेपेल असं काहीतरी सांग ना." मी टेलेमार्क सांगते. ऑस्लोपासून गाडीने दोन-तीन तास, लांबच लांब तळी, त्यांना जोडणारा सव्वाशे-दीडशे वर्षांचा कालवा, लाकडी चर्च, वॉटरपार्क, डोंगराच्या पोटातून जाणारी रेल्वे, सगळं आहे. आणि लगेच पुढचा मेसेज टाकते, पण मे मध्ये नको.

मेची सुट्टी आपली आहे हो, त्यांची नाही

ही सगळ्यात मोठी चूक आणि ती आम्ही स्वतः केलेली आहे. पहिल्या वर्षी सासूबाई-सासरे सांगलीहून मे मध्ये आले, म्हटलं चला, शनिवार-रविवार टेलेमार्क करून येऊ. धाकट्याने निघतानाच पँटच्या आत स्विमिंगची चड्डी घातली होती, का तर पोचल्या पोचल्या पाण्यात उडी. बो सोमारलांद या वॉटरपार्कच्या गेटपाशी उतरलो तर गेटला कुलूप. आत निळ्या घसरगुंड्या दिसतायत, पाण्याचा थेंब नाही, कोपऱ्यात एक माणूस काहीतरी रंगवतोय. पोरगं गेटचे गज धरून दहा मिनिटं उभं होतं, रडलं पण नाही, नुसतं बघत होतं, ते जास्त लागलं मला.

तर गणित असं आहे की इथल्या शाळांना सुट्टी साधारण जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, आणि गावाकडची बहुतेक ठिकाणं तेवढ्याच आठ आठवड्यांसाठी पूर्ण जोरात चालतात. वॉटरपार्क तर फक्त उन्हाळ्यातच. मे मध्ये गौस्ता डोंगराच्या माथ्यावर बर्फ असतो, कालव्यातल्या बोटी जेमतेम सुरू होत असतात. ऑगस्टच्या शेवटी गेलात तर हवा छान, पण मुलं शाळेत परतलेली, मग कुठे फक्त वीकेंडला उघडं तर कुठे बंदच. आणि बरोब्बर जुलै गाठलात तर अर्धा नॉर्वे सुट्टीवर, केबिन मिळत नाही. मला विचाराल तर जूनचा शेवटचा आठवडा किंवा ऑगस्टचा पहिला. महाराष्ट्रातल्या शाळा तेव्हा सुरू झालेल्या असतात हे माहितीये मला, पण दहा दिवस शाळा बुडली तर काही बिघडत नाही, बंद गेट बघायला एवढं विमानाचं तिकीट काढण्यापेक्षा ते बरं.

आणखी एक तारीख. सप्टेंबरच्या दुसऱ्या वीकेंडला सेल्योरला द्यिर्स्कून नावाची मोठी जत्रा भरते, गाई-बैल, ट्रॅक्टर, खाणंपिणं, १८६६ पासून चालू आहे. आपल्याकडच्या गुरांच्या बाजाराची आठवण येते, सासऱ्यांना ती सगळ्यात जास्त आवडली. पण राहायची जागा आधी न बघता त्या दिवसांत तिकडे फिरकू नका.

कुठलं बो?

जीपीएसमध्ये नुसतं "बो" टाकू नका. नॉर्वेत बो नावाची गावं बरीच आहेत, त्यातलं एक पार वर उत्तरेला वेस्टेरोलेन बेटांवर आहे, आणि ओळखीतल्या एकांनी खरंच तिथलं हॉटेल बुक केलं होतं, स्वस्त मिळालं म्हणून खूष होते बिचारे. टेलेमार्कमधलं बो, असं नीट बघून टाका. उच्चाराचंही तेच, शहराचं नाव स्पेलिंगवरून "स्कीन" वाचतो आपण, ते "शेएन" आहे, तिथल्या माणसाला स्कीन म्हणालात तर तो नम्रपणे हसेल आणि काहीच कळलेलं नसेल.

नकाशावरचं अंतर बघूनही फसायला होतं. समोरच्या काठावरचं घर दिसतंय, मधे तळं, म्हणजे वळसा घालून जायचं, रस्ता वळणावळणाचा, गावाबाहेर मर्यादा ८० ची आणि दंड असा की वर्षभर आठवण राहील. दिवसाला दोन ठिकाणं, बास. आम्ही एका दिवसात हेद्दाल, र्‍युकान आणि बो कोंबलं होतं, आता काही आठवत नाही, फक्त गाडीतली उलटी आठवते.

बोटीचा पूर्ण प्रवास मुलांसोबत करू नका

हे वाचून काहीजण चिडतील कारण सगळीकडे शेएन ते दालेन ही पूर्ण सफर करा असंच लिहिलेलं असतं. १०५ किलोमीटर, १८ लॉक (पाणी भरून बोट वर उचलणारे हौद), बोट एकूण ७२ मीटर वर चढते. भारीच आहे, वादच नाही. पण पूर्ण दिवस जातो, आणि त्यातला बराच वेळ बोट मोठ्या तळ्यांवरून संथ चाललेली असते, दोन्हीकडे डोंगर आणि झाडं, मोठी माणसं समाधी लावतात आणि पोरं तिसऱ्या तासाला एकमेकांना चिमटे काढायला लागतात. वर लोक विसरतात ते हे की गाडी शेएनला राहिली आणि तुम्ही दालेनला! परतीची बस आहे का, त्या दिवशी आहे का, बोटीच्या वेळेशी जुळते का, हे तिकीट काढायच्या आधी बघायचं. वेळापत्रक दरवर्षी आणि वारानुसार बदलतं, मागच्या वर्षीच्या कुणाच्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका.

त्यापेक्षा उलेफॉस ते लुन्दे एवढाच तुकडा करा. या थोड्याशा पट्ट्यात १८ पैकी ११ लॉक येतात, म्हणजे सतत काहीतरी घडत असतं. नाहीतर बोटीत बसूच नका, सरळ व्रांगफॉसला गाडी लावा आणि काठावर उभं राहून बघा. मला तर हेच जास्त आवडतं. व्रांग म्हणजे आडमुठा, फॉस म्हणजे धबधबा. त्या आडमुठ्याला वळसा घालायला एकापुढे एक पाच दगडी हौद बांधलेत, बोट त्यातून २३ मीटर चढते. हा वरचा कालवा पाचशे माणसांनी पाच वर्षं खपून १८९२ मध्ये पूर्ण केला, आणि दरवाजे अजून माणसंच हाताने चालवतात, तेव्हासारखेच. बोट हौदात शिरते, मागचा दरवाजा मिटतो, पाणी भरायला लागतं आणि पांढरी बोट तुमच्या पायाखालून हळूहळू तुमच्या डोळ्यांसमोर येते, आधी छप्पर, मग खिडक्या, मग खिडकीत आइस्क्रीम खाणारं कुणाचं तरी पोर. मुलं काठावरून पळत पुढच्या हौदापाशी जातात, परत तेच. आमची दोन्ही पोरं पाऊण तास मोबाईल न मागता उभी होती. फक्त पोरांचे हात धरा, हौद खोल आहेत. आणि इथेही तेच, बोट कधी येणार ते आधी बघून जा, नाहीतर रिकामे हौद बघून परत याल.

र्‍युकानला लोक नेमकं चुकीचं बघायला जातात

र्‍युकान हे गाव इतक्या खोल दरीत आहे की सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत तिथे ऊन पोचतच नाही. म्हणून २०१३ मध्ये त्यांनी डोंगरावर तीन मोठे आरसे लावले, ते सूर्याबरोबर फिरतात आणि उजेड खाली चौकात पाडतात. व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेला असतो. मग लोक जुलैत येतात आणि विचारतात आरशाचं ऊन कुठे आहे. अहो, जुलैत चौकात खरं ऊन आहे! आरसे बघायचे तर थंडीत या. उन्हाळ्यात क्रॉसोबानेनने वर जा, १९२८ चा रोपवे, गावातल्या कारखान्याच्या कंपनीने गावाला बांधून दिला, कशाला तर लोकांना हिवाळ्यात वर जाऊन सूर्य बघता यावा म्हणून. एक डबा लाल, एक निळा, दोन्हींना रानातल्या बोरांची नावं आहेत.

गौस्ताटोपेन १८८३ मीटर. वर चढायला दगडांची वाट आहे, स्तावस्रोपासून साधारण दोन तास, स्पोर्ट्स शूज चालतात पण चप्पल-सँडल नाही, पाय मुरगळून खाली येणारे बघितलेत. आजी-आजोबा असतील तर गौस्ताबानेन. ही रेल्वे आधी डोंगराच्या आत आडवी जाते आणि मग दुसऱ्या डब्यात बसून तिरकी वर. मूळची लष्करासाठी बांधलेली, त्यामुळे खिडकीतून निसर्गबिसर्ग काही नाही, बोगदा आहे. दोन चुका इथे ठरलेल्या, एक म्हणजे ऊन पडलंय बघून आयत्या वेळी जाणं (तेव्हाच सगळे जातात, तिकीट संपलेलं असतं), आणि दुसरी खालच्या हवेवरून वरचे कपडे ठरवणं. खाली २४ डिग्री होतं, वर सासूबाईंनी माझी ओढणी डोक्याला गुंडाळली होती आणि तरी दात वाजत होते.

व्हेमोर्कच्या म्युझियमला मात्र नक्की जा, १९४३ च्या फेब्रुवारीत नॉर्वेच्या मोजक्या तरुणांनी जर्मनांच्या ताब्यातला जड पाण्याचा (अणुबॉम्बच्या प्रयोगांत लागणारं खास पाणी) कारखाना उडवला ते हे ठिकाण. पुढच्या वर्षी उरलेलं जड पाणी जर्मनीला नेणारी फेरी याच भागातल्या तिन् तळ्यात बुडवली, त्यात साधे प्रवासीही गेले. तळं चारशे साठ मीटर खोल आहे, फेरी अजून तळाशीच. काठावरून जाताना हे आधी मुलांना सांगितलं तर तळ्याकडे बघायची त्यांची नजरच बदलते. चूक एवढीच होते की पार्किंगपासून झुलता पूल आणि मग चढ चालायचा असतो हे कुणी सांगत नाही, गुडघेदुखीवाल्यांनी आधी फोन करून विचारावं.

चर्च बघायला शनिवारी-रविवारी नको

हेद्दालचं लाकडी चर्च, नॉर्वेत उरलेल्या अशा चर्चमधलं सगळ्यात मोठं, तेराव्या शतकातलं. ते म्युझियम नाही, गावाचं चालू चर्च आहे. रविवारी प्रार्थना, शनिवारी कुणाचं तरी लग्न, आणि तुम्ही बाहेर. मधल्या वारी जा. आत जायच्या आधी मुलांना गोष्ट सांगा. एका शेतकऱ्याला एक परका माणूस म्हणाला, मी तीन दिवसांत चर्च बांधून देतो, बदल्यात मला चंद्र-सूर्य आणून दे, नाहीतर काळजाचं रक्त दे, नाहीतर माझं नाव ओळख. काम भराभर उरकायला लागलं तसा शेतकऱ्याचा धीर सुटला, हा रानात भटकतोय तोच डोंगरातून बाईचा अंगाईचा आवाज, उद्या फिन तुला चंद्र आणून देणार. झालं! तो होता ट्रोल, नाव फुटलं. धाकटा आत शिरून प्रत्येक खांबाला हळूच "फिन" म्हणत फिरला.

केबिन, खाणं, पाणी

कॅम्पिंगची केबिन स्वस्त दिसते कारण तिच्यात चादरी नसतात. आम्ही रात्री नऊला पोचलो, गाद्या उघड्या, मालकीणबाई म्हणाल्या भाड्याने मिळतील पण ऑफिस आठला बंद झालं. त्या रात्री सासूबाईंच्या दोन साड्या कामाला आल्या. निघताना केबिन आपणच झाडून-पुसून द्यायची, नाहीतर सफाईचे वेगळे पैसे. टॉयलेट आत आहे का आवारात, तेही बुक करतानाच वाचा, रात्री दोनला आजोबांना घेऊन जंगलातून चालायची मजा एकदाच असते.

रविवारी दुकानं बंद. म्हणजे बंदच, एखादं छोटं दुकान नाहीतर पेट्रोलपंपावरचे हॉटडॉग. शनिवारी दूध, ब्रेड, भाजी भरून ठेवा. शाकाहारी असाल तर गावातल्या कॅफेत वाफल मिळते, लेफ्सेही मिळते, आत लोणी-साखर लावलेली मऊ पोळीच ती, सासूबाई एक घास खाऊन म्हणाल्या, "एवढ्या लांब येऊन तूपसाखर-पोळीच?" दही हवं असेल तर कुल्तुरमेल्क नावाचं आंबट दूध घ्या, त्यात मीठ-जिरं घातलं की मठ्ठा झालाच.

तळ्याचं पाणी काठाशी कोमट लागतं म्हणून पोरांना पुढे सोडू नका. बान्दाकसारखी तळी शेकडो मीटर खोल आहेत, काठापासून चार पावलांवर तळ गायब होतो आणि खालचं पाणी बर्फासारखं. वाळूचा काठ, उथळ पाणी, गावातली मुलं जिथे पोहतायत तिथेच उतरा. केबिनबरोबर होडी मिळाली तर चालत्या होडीत लाइफ जॅकेट घालावंच लागतं, मोठ्यांनाही, मुलांच्या मापाची आहेत का ते आधी मालकाला विचारा. गळ टाकायचा तर मासेमारीचं कार्ड लागतं.

आणि सेल्योरला गेलात तर तळ्यातल्या सापाची चौकशी करायला लाजू नका. १७५० पासून लोक त्याला बघितल्याचं सांगतात, गावाच्या चिन्हावरही तोच आहे, प्रेमाने सेल्मा म्हणतात. आमच्या सासऱ्यांनी तासभर दुर्बीण लावली आणि शेवटी जाहीर केलं की दिसला, पण फोटो काढेपर्यंत गेला. आता सांगलीला कुणीही घरी आलं की आधी तो साप सांगतात आणि मग चहा.