रिटेन्शनची रक्कम किती आणि कुठवर रोखता येते

राजारामपुरीतील घर असो वा शिरोली एमआयडीसीतील शेड, ठेकेदाराच्या प्रत्येक रनिंग बिलातून (काम चालू असताना झालेल्या कामापुरत्या बिलातून) ठरावीक टक्के रक्कम रिटेन्शन म्हणून कापण्याची पद्धत कोल्हापुरात रुळलेली आहे. ही रक्कम ठेकेदाराने काम करून मिळवलेली असते. दोष निघाल्यास तो दुरुस्त होईल, एवढ्याच हमीसाठी ती मालकाकडे राहते. खासगी करारात ती किती असावी याचे बंधन १८७२ च्या भारतीय करार कायद्यात नाही. त्यामुळे टक्केवारी, कमाल रक्कम आणि परतफेडीची तारीख सहीपूर्वीच करारात लिहून घ्यावी.

‘काम समाधानकारक झाल्यावर’ असे मोघम वाक्य मान्य करू नये. निम्मी रक्कम काम पूर्ण झाल्याच्या दाखल्याबरोबर आणि उरलेली दोष-दायित्वाची मुदत (निघालेले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायचा काळ) संपताच द्यावी, असे स्पष्ट लिहावे. त्या मुदतीत एक पूर्ण पावसाळा यावा, असे माझे आग्रहाचे मत आहे, कारण गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि बाहेरचा गिलावा यांची खरी परीक्षा आपल्याकडच्या पावसातच होते.

दोष निघाला म्हणून सगळी रक्कम अडवणे योग्य नाही. समजा ४० लाखांच्या कामात ५ टक्क्यांप्रमाणे २ लाख रोखले आहेत आणि गच्चीच्या गळतीची दुरुस्ती ३५ हजारांत होते. तर मालकाने दोष लेखी कळवावा, दुरुस्तीसाठी वाजवी मुदत द्यावी आणि तरीही काम झाले नाही तर तेवढाच खर्च पावत्यांसह वजा करावा. करारात ‘दोष आढळल्यास पूर्ण रक्कम जप्त’ असे कलम असले, तरी करार कायद्याच्या कलम ७४ नुसार नमूद रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. नुकसानच झाले नसेल तर या कलमाखाली भरपाई मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्सच्या खटल्यात स्पष्ट केले आहे.

मुदत संपूनही पैसे न मिळाल्यास अंतिम मोजमाप, बिले आणि दाखला जोडून लेखी मागणी करावी. व्याजाचा दर करारात नसेल, तर ‘अमुक तारखेपासून व्याज मागितले जाईल’ असे त्या नोटिशीत आवर्जून लिहावे. १९७८ च्या व्याज कायद्यानुसार व्याज देताना न्यायालय ती तारीख विचारात घेते. दावा करण्याची मुदत सामान्यतः ३ वर्षांची असते आणि ‘बघू, देऊ’ अशा तोंडी आश्वासनांनी ती वाढत नाही. मालकाने मुदतीच्या आत बाकी देणे सहीनिशी लेखी मान्य केले, तर ती नव्याने सुरू होते. म्हणून हिशेबाच्या प्रत्येक बैठकीनंतर बाकी रकमेच्या कागदावर मालकाची तारखेसह सही घ्यावी.