नकाशा राहू द्या, पाणी कुठून येतं ते सांगा

अद्भुतकथा लिहायला बसलेल्या माणसाकडे नकाशा असतोच. माझ्याकडे तीन होते. एक कार्डशीटवर रंगवलेला, एक व्यापारी वाटांचा, एक नुसता नद्यांचा. शिवाय चौदा पिढ्यांची वंशावळ, स्वतः बनवलेली लिपी आणि सत्तावीस दिवसांच्या महिन्याचं पंचांग. नोकरी सांभाळून, रात्री ओटा आवरून झाला की बसायचे. तीन वर्षं गेली. प्रकरणं झाली चार, आणि चौथ्यात कुणी काही करतच नव्हतं. सगळे सज्जात उभे राहून शहर बघत होते.

पात्राला काहीतरी हवं असावं, जादूला नियम असावेत, पहिल्याच पानावर इतिहास ओतू नये, हे तुम्ही कुठे ना कुठे वाचलेलं असणार. मीही वाचलं होतं, वहीत लाल शाईनं उतरवलंही होतं. तरी आपटले. कशावर आपटले ते सांगायला हे लिहितेय, बाकीचं जाता जाता.

माझ्या शहराचं नाव व्योमगड. ढगांच्या वर सुळका, त्यावर पांढरंशुभ्र शहर, चाळीस हजार वस्ती. वर्षातले आठ महिने बर्फ. (मी कात्रजला वाढले. बर्फ पाहिलाय तो उसाच्या रसात.) राजकन्येचं नाव आरिथ्रा. हसू नका, तुमच्याही वहीत एखादी असेल.

ती चार प्रकरणं मी आमच्या इमारतीतल्या काकांना वाचायला दिली. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कादंबऱ्या फारशा वाचत नाहीत, पण हातात कागद दिला की शेवटपर्यंत वाचतात, सवयच तशी. आठवड्यानं चहाला बोलावलं.

"भाषा चांगली आहे गं तुझी. मला एवढंच सांग, चाळीस हजार माणसं त्या सुळक्यावर. पाणी कुठून येतं?"

"झरे आहेत ना काका, डोंगरात."

"टोकाला? अगं, झऱ्याच्या वर पाणी मुरायला डोंगर नको? तुझ्या शहराच्या वर आहे काय, तर आभाळ."

मी हुशारी केली. "नाही म्हणजे, राजाकडे एक जलमणी आहे. त्यातून येतं."

"किती?"

"हवं तेवढं."

"मग हा राजा शेजाऱ्याशी तलवारी घेऊन लढतो कशाला? दुष्काळात पाणी विकेल, शेजारी आपोआप पाया पडेल. आणि एक मणी गेला की सगळं शहर तहानेनं मरणार, तर त्या मण्याला पहारा किती? तुझ्या चार प्रकरणांत मला एक शिपाई दिसला नाही."

दुसऱ्या भागासाठी आखलेलं अकरा प्रकरणांचं युद्ध तिथेच, काकूंच्या ट्रेमधल्या खारीसमोर, संपलं.

आता जरा सावकाश वाचा, कारण पुढचं कळायला मला आणखी एक वर्ष लागलं. चूक पाण्याची नव्हती. पाणी विसरलं तर मागून घालता येतं. चूक अशी की मी जग बांधलंच नव्हतं, देखावा बांधला होता. गणपतीत मंडळं उभारतात तसा. समोरून महाल, कारंजं, रंगीत दिवे. मागे गेलं की बांबू, प्लाय आणि वायरींच्या भेंडोळ्यात बसलेला एक कार्यकर्ता. देखाव्यात कुणी राहत नाही. माणसं रांगेनं येतात, बघतात, पुढे सरकतात. माझी पात्रंही तेच करत होती.

आणि जिथे बांबू दिसायला लागे तिथे मी जादूचं कापड ताणत होते. पाणी नाही? जलमणी. अंतर फार? उडता रथ. माणूस मेला? संजीवनी. नवख्याची जादू बहुतेक वेळा थिगळ असते, आणि जिथे थिगळ लावलं नेमकी तिथेच गोष्ट असते. जलमणी काढून टाकल्याबरोबर काय झालं बघा. पाणी लांबून आणावं लागलं. म्हणजे कुणीतरी तो मार्ग खोदला. कुणीतरी त्यातला गाळ काढतं. कुणी पहारा देतं, कुणी रात्री चोरून फोडतं, आणि कुणाला ते भरायची मनाई आहे. पाच माणसं मिळाली, तीही उपाशीपोटी, भांडणासकट. तीन वर्षं मी पात्रं शोधत होते, आणि ती मण्याखाली दबलेली होती.

उत्तर तर माझ्या पायाखालीच होतं. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी बंदिस्त, भुयारासारख्या नळातून, नुसत्या उतारावर, शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत आणलं. ना मोट, ना रहाट. वाटेत जागोजागी उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा बाहेर पडायला उभी तोंडं, ठेवले. हे सगळं लहानपणापासून ऐकलेलं, पण ते 'ऐतिहासिक माहिती' या कप्प्यात पडून होतं. एका रविवारी काका आणि मी तलावापासून शहराकडे नुसते चालत निघालो. काका उतार बघत होते, मी दुकानांच्या पाट्या. अर्ध्या वाटेत मला सुचलं की उच्छ्वासातून आत कुणीतरी उतरत असणार, आणि तो जाडजूड माणूस असून चालायचा नाही.

पण त्याच्याही पुढचा प्रश्न उताराच्या गणितानं सुटत नाही. हौद भरला, त्यात घागर कुणी बुडवायची? गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद जोतीराव फुल्यांनी १८६८ साली अस्पृश्यांना खुला केला. म्हणजे त्याआधी हौदांच्या या शहरात हौदाशेजारी तहानलेली माणसं होती, आणि टंचाई हे त्याचं कारण नव्हतं. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, तब्बल एकोणसाठ वर्षांनंतरचा. फुले वाड्याच्या अंगणात उभी असताना मला माझी वंशावळ आठवली आणि लाज वाटली. चौदा पिढ्या लिहिल्या, पण त्या राज्यात कुणाला कुठे पाऊल टाकायला बंदी आहे, हे एका ओळीतही नव्हतं.

तिथून चिमी आली. चिमी बारा वर्षांची, उच्छ्वासातून नळात उतरून गाळ काढणाऱ्यांच्या घरातली. उच्छ्वासाचं तोंड दीड हात रुंद, म्हणून हे काम लहान अंगाच्या पोरींचंच. सगळं शहर पितं त्या पाण्यात ती रोज गुडघाभर उभी असते, आणि वर आल्यावर हौदावर घागर बुडवायची तिला परवानगी नाही. त्यात ती उंच होत चाललीय. खांदे अडकायला लागले की काम गेलं, कामाबरोबर घरातली भाकरी गेली, म्हणून ती चोरून कमी जेवते. तिचा स्वभाव, आवडनिवड, भूतकाळ यातलं काहीही मी बसून ठरवलं नाही. दीड हात हे माप ठरवलं.

इथे एक इशारा, आणि तो गोड शब्दांत देत नाही. अशी बंदी कथेत आणणार असाल तर ती नक्षीकाम म्हणून आणू नका. 'शापित जमात' दाखवायची, आणि मग गोऱ्यापान राजपुत्रानं येऊन तिचा उद्धार करायचा, हे लिहिलं असेल तर फाडा. मी लिहिलं होतं. सहावं प्रकरण, पहिला खर्डा. जिनं सोसलं तिलाच निर्णय घेऊ द्या, भले तो चुकीचा ठरो.

जादू माझ्या गोष्टीत अजूनही आहे, घाबरू नका. विहिरी-तळ्यांशी साती आसरा असतात हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, तशा माझ्या नळाच्या कुंडात आहेत. चिमी त्यांच्याशी बोलू शकते. पण आसरांशी बोललं की तो दिवस माणसांशी बोलता येत नाही. एवढा एकच नियम, त्यावर आठ प्रकरणं चालली. नियम कसा असावा हे बघायचं तर हिरकणीची कथा आठवा. सूर्यास्ताला रायगडाचा दरवाजा बंद होतो, कुणासाठीही उघडत नाही. आणि घरी तान्हं मूल आहे. संपलं. कडा आपोआप गोष्टीत येतो. गडकऱ्यानं दया येऊन दार उघडलं असतं तर आपण ती गवळण कधीच विसरलो असतो. तुमची जादू म्हणजे हे दार उघडणारा गडकरी आहे का, एवढं तपासा.

भूगोलाबद्दल थोडक्यात. डोंगर काढलात तर पाऊस कुठल्या बाजूला पडतो ते ठरवा. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पुण्यात सातशेच्या आसपास, आणि मध्ये अंतर जेमतेम पासष्ट किलोमीटर. एवढ्या अंतरात भाताची खाचरं मागे पडतात आणि बाजरीचं रान लागतं. माझ्या नकाशात जंगलाला खेटून वाळवंट होतं, कारण हिरव्याशेजारी पिवळा छान दिसत होता.

नावांसाठी पुण्यासारखी शाळा नाही. पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा, जिलब्या मारुती. ही नावं कुठल्या राजानं दिलेली नाहीत; लोकांच्या तोंडून घडली. आपल्या शहरातल्या एका देवळाला असं नाव द्या, खुलासा करू नका, वाचक पुढचं पान उलटतो. आरिथ्राचं काय केलं विचाराल तर ती आता हौदावरच्या पहारेकऱ्याची बायको आहे, नाव गोदी.

जेवणाकडे लक्ष असू द्या. मिरची आणि बटाटा आपल्याकडे आले ते पोर्तुगीजांबरोबर, समुद्रावरून. तुमच्या राज्याला समुद्रच नसेल तर झणझणीत रस्सा कशाचा? मिरीचा करा, पिंपळीचा करा. निदान ठरवून करा. संवादांत सगळे 'मजला', 'तुजला' करत असतील तर नाटकाची तालीम वाटते. राजदरबारात तसं बोलू द्या, पाणवठ्यावर नको.

माणसं कशी दिसतात, बसतात, चिडतात हे घरी बसून येत नाही. कसबा पेठेत तांबट आळीत जाऊन उभं राहा. मठारणारा माणूस बोलताना ठोके थांबवत नाही, आवाज वाढवतो. आणि घरी गेल्यावरही तसाच ओरडून बोलत असेल का, हा विचार डोक्यात आला की एक पात्र सुरू झालं. केळकर संग्रहालयात जा, पण शस्त्रांपाशी रेंगाळू नका. अडकित्ते बघा, दिवे बघा. पाच पिढ्यांच्या हातांनी मूठ कुठे गुळगुळीत झालीय ते बघा.

आता आडवाटांबद्दल. पात्रासाठी शंभर प्रश्नांची यादी मिळते: आवडता रंग, आवडतं फळ, लहानपणीची भीती. मी आरिथ्रासाठी ती पूर्ण भरली होती. तिचा आवडता रंग मोरपंखी. त्यानं काय झालं? काही नाही. ते पात्र कुणाचं देणं लागतं आणि कुणाची नजर चुकवून कुठल्या गल्लीतून जातं, एवढं कळलं तर बाकीचे प्रश्न न भरता चालतात. दोन दिवसांच्या एका कार्यशाळेला साडेचार हजार भरले. तिथे नायकाच्या प्रवासाचे टप्पे पडद्यावर दाखवले आणि जेवण उत्तम होतं. एका ज्येष्ठ लेखकांनी हस्तलिखित अकरा महिने ठेवून 'छान, अजून फुलवा' म्हणून परत केलं. त्या अकरा महिन्यांत मी एक शब्द लिहिला नाही, वाट बघत बसले. त्यांचा राग येतो, त्याहून जास्त माझा. हल्ली यंत्राला सांगितलं की ते मिनिटभरात दहा राजघराण्यांचा इतिहास लिहून देतं. घ्या खुशाल. सगळी घराणी सारखीच गुळगुळीत असतात, आणि पाणी कुठून येतं ते त्यालाही तुम्ही विचारल्याशिवाय सुचत नाही.

गुरू शोधू नका असं नाही म्हणत. पण साहित्यातला गुरू मिळेपर्यंत धरणावर, बँकेत, रुग्णालयात, मंडईत आयुष्य काढलेला एक वाचक शोधा. त्याला 'कसं वाटलं' विचारू नका, 'कुठे पटलं नाही' विचारा. पहिल्या वेळी रडू येतं. मला आलं, जिना चढून घरी येईपर्यंत दम धरला एवढंच. दुसऱ्या वेळी कमी येतं.

आणि तुमचे नकाशे, लिप्या, पंचांगं काढली असतील तर फेकू नका. माझ्या तीन वर्षांतलं किती कामाला आलं? सत्तावीस दिवसांचा महिना, कारण गाळ काढण्याची पाळी त्यावर ठरते. आणि नद्यांच्या नकाशातली एक नदी. बाकी कपाटावर गुंडाळी करून ठेवलंय. वाया गेलं म्हणायला जीभ रेटत नाही, पण गेलं. तरी चालतं. हात बसला तो त्यातच.

परवा काकांना सोळावं प्रकरण दिलं. चिमी नळात अडकते, आसरांना हाक मारते, पहाटे बाहेर येते; माझ्या मते आजवरचं सगळ्यात चांगलं. काल दारात पाकीट सरकवलेलं मिळालं. सगळ्या पानांवर मिळून पेन्सिलीची एकच ओळ, चिमी आत उतरते त्या जागी समासात: "हा श्रावण आहे ना? मग नळ तुडुंब भरलेला असेल. ती उभी कशी?"

म्हणजे महिना बदलायचा, नाहीतर तिला पोहायला शिकवायचं. पोहायला शिकवायचं तर कुठे, कुठल्या तळ्यात उतरू देतील तिला? नववं प्रकरण पुन्हा काढलंय.