गोव्याहून दिल्ली: सोमवार कुठे येतो ते आधी बघा

दिल्लीला जायचं ठरलं की घरात पहिल्यांदा ठिकाणांची यादी होते आणि तारखा मागाहून सुट्टीप्रमाणे बसवल्या जातात. इथेच गडबड होते, कारण लाल किल्ला, अक्षरधाम, लोटस टेंपल, राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आणि तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय ही सगळी सोमवारी बंद असतात. आग्र्याचा ताजमहाल शुक्रवारी बंद. चांदणी चौकातली बहुतेक दुकानं रविवारी बंद, सरोजिनी नगर आणि करोल बागेचा बाजार सोमवारी बंद. चार दिवसांच्या सहलीतला एक दिवस असा बंद दारासमोर गेला की उरलेल्या तीन दिवसांत सगळं कोंबलं जातं आणि आजी-आजोबांचे पाय पहिल्याच संध्याकाळी सुजतात. म्हणून कागदावर आधी वार लिहा, मग त्यांच्यापुढे ठिकाणं.

यावर एक सोपा तोडगा आहे: सोमवारी आग्रा. त्या दिवशी ताजमहाल उघडा असतो, आग्र्याचा किल्ला उघडा असतो आणि दिल्लीत तुमचं काही चुकत नाही.

कोणत्या दिवसांत जायचं, हा प्रश्न गोवेकरांसाठी खरंच अवघड आहे. मुलांच्या मोठ्या सुट्ट्या दिवाळीला, नाताळला आणि मे महिन्यात. मे महिन्यात दिल्लीचं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि लू वाहते. आपल्याकडच्या घामाच्या उकाड्याची सवय तिथे उपयोगी पडत नाही, कारण ती हवा कोरडी असते, घाम लगेच उडून जातो आणि अंगातलं पाणी कमी झालेलं कळतच नाही. दिवाळीच्या सुमारास धुराचा त्रास. शेजारच्या राज्यांत भाताची खुंटं जाळतात, थंडीमुळे वारा पडलेला असतो, त्यात फटाके. घरात कुणाला दमा असेल तर दिवाळीची सुट्टी सोडाच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ नावाचं अ‍ॅप मोबाइलवर घ्या आणि निघण्याआधी आठवडाभर दिल्लीचे आकडे बघत राहा. नाताळात हवा थंड आणि सहल छान, पण सकाळी दाट धुकं. विमानं आणि गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. हवेच्या दृष्टीने सर्वांत चांगले महिने फेब्रुवारी आणि मार्चचा पहिला पंधरवडा. शाळेचे तीन-चार दिवस बुडवता येत असतील तर हीच वेळ साधा. राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यानही साधारण याच दिवसांत लोकांसाठी उघडतं; प्रवेश मोफत असतो, नोंदणी ऑनलाइन करावी लागते आणि सोमवारी तेही बंद.

दोन काळ मात्र टाळा. जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात प्रजासत्ताक दिनाच्या तालमींमुळे इंडिया गेट आणि कर्तव्य पथाच्या आसपासचे रस्ते वारंवार बंद होतात. ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या तयारीसाठी लाल किल्ला आधीचे बरेच दिवस बंद ठेवतात. होळीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे धुळवडीला, मेट्रो दुपारी अडीचपर्यंत बंद असते, हेही लक्षात असू द्या.

जायचं कसं? विमानाने अडीच तास, पण तिकीट काढताना विमानतळ नीट बघा. गोव्यात आता दाबोळी आणि मोपा असे दोन आहेत आणि तिकिटांच्या संकेतस्थळावर दोन्ही ‘गोवा’ म्हणूनच दिसतात. स्वस्त पडतं म्हणून जाताना दाबोळी आणि येताना मोपा असं तिकीट निघालं आणि गाडी दाबोळीला उभी करून गेलात, तर रात्री सामान आणि झोपाळलेली मुलं घेऊन पूर्ण गोवा ओलांडावा लागतो. पेडणे, बार्देश, डिचोलीवाल्यांना मोपा बरा. सासष्टी, मुरगाव, केपेवाल्यांना दाबोळी. दिल्लीतही तिकिटावरचं टर्मिनल वाचा. टर्मिनल १ आणि टर्मिनल ३ एकमेकांपासून बरेच लांब आहेत, चालत जाता येत नाही. टर्मिनल ३ वरून एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रोने नवी दिल्ली स्टेशन साधारण वीस मिनिटांत येतं.

आगगाडीने जायचं तर वास्कोहून निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्स्प्रेस रोज असते. दुपारी सुटते, लोंढा, बेळगाव, पुणे, भोपाळ करत दोन रात्री घालवून सकाळी पोचते. चाळीसेक तास धरा. मडगावहून राजधानी एक्स्प्रेसही आहेत, त्या साधारण एका दिवसात पोचवतात, पण रोज नाहीत. कोकण रेल्वेने जाणाऱ्या गाड्यांचं पावसाळ्यात वेळापत्रक बदलतं, तेव्हा मागच्या वर्षीची वेळ गृहीत धरू नका.

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. सुट्टीच्या दिवसांत सकाळी आठला बसलात तरच सलग जागा मिळतात. आता नेहमी होणारी चूक: घरचे सहाजण एकाच तिकिटावर घेतात आणि मग आजी-आजोबांना वरचा बर्थ लागतो. साठीच्या पुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे, पण एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघे असतील तरच तो वापरता येतो. म्हणून आजी-आजोबांचं तिकीट वेगळं काढा, कोट्याच्या रकान्यात लोअर बर्थ निवडा आणि लगेच बाकीच्यांचं तिकीट त्याच वर्गात काढा. डबा वेगळा आला तर गाडीत अदलाबदल होते. खालचा बर्थ मात्र कुणी सहज सोडत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं लागतं, नको असेल तर अर्धं. चाळीस तासांच्या प्रवासात आठ-दहा वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन भागत नाही, तिथे पैसे वाचवू नका.

हॉटेल ठरवताना मेट्रो स्टेशनपासून चालत किती मिनिटं, एवढं आधी विचारा. करोल बाग कुटुंबांना सोयीचं आहे: ब्लू लाइनचं स्टेशन, खाण्याची सोय, सगळ्या किमतींच्या खोल्या. पहाडगंज स्वस्त आणि नवी दिल्ली स्टेशनला लागून, पण गल्ल्या अरुंद. म्हाताऱ्या माणसांना घेऊन रात्री तिथे चालणं त्रासाचं. गाडी सकाळी पोचते आणि खोली दुपारी बाराला किंवा दोनला मिळते, हा मधला वेळ कुणी धरत नाही. लवकर खोली मिळेल का ते आरक्षणाच्या वेळीच लिहून घ्या, नाहीतर निदान सामान ठेवून आंघोळीची सोय होते का ते विचारा. प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ ओळखपत्र लागतं, मुलांचं आधार कार्डही जवळ ठेवा. स्टेशनबाहेर कुणी ‘तुमचं हॉटेल बंद झालंय, बुकिंग रद्द झालंय’ म्हणून सांगायला आलं तर थांबूच नका, थेट हॉटेलला फोन लावा. नवी दिल्ली स्टेशनबाहेर ही फसवणूक वर्षानुवर्षं चालली आहे.

आता दिवस. गाडी गुरुवारी सकाळी पोचेल अशी धरू, म्हणजे वास्कोहून मंगळवारी दुपारी निघायचं.

गुरुवारी फार काही नको. दुपारी झोप काढून संध्याकाळी बांगला साहिब गुरुद्वारा. डोकं झाकायला रुमाल जवळ असू द्या, पाय धुऊन आत जायचं, तळ्याकाठी बसायचं, लंगरमध्ये जेवायचं. मुलांना ही जागा आवडते.

शुक्रवारी सकाळी हुमायूनची कबर. जाळीतून येणारा उजेड आणि बागेतल्या पाण्याच्या वाटा बघायला सकाळच हवी. चौथऱ्यावर जाणाऱ्या पायऱ्या उंच आणि उभ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी खाली बागेत बसावं, इमारत तिथूनही पूर्ण दिसते. दुपारी खोलीवर आराम, मग चारच्या सुमारास अक्षरधाम. तिथे मोबाइल, कॅमेरा, बॅग काहीच आत नेता येत नाही. सगळं जमा करून टोकन घ्यायचं असतं आणि त्या रांगेत अर्धा तास सहज जातो. फोन नसल्याने आत चुकामूक झाली तर शोधणं कठीण, म्हणून भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवा. लहान मुलांच्या खिशात घरच्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. संध्याकाळचा कारंज्यांचा कार्यक्रम बघितल्याशिवाय निघू नका.

शनिवारी लाल किल्ला. व्हायोलेट लाइनवर ‘लाल किला’ नावाचंच स्टेशन आहे, तिथे उतरा. चांदणी चौक स्टेशनवरून बरंच चालावं लागतं. १६४८ साली पूर्ण झालेल्या या किल्ल्यात मराठी घरातल्या मुलांना दाखवायची एक जागा म्हणजे दिवाण-ए-खास. इथलं चांदीचं छत १७६० साली सदाशिवरावभाऊंनी सैन्याच्या खर्चासाठी उतरवलं, आणि पुढच्या जानेवारीत पानिपत झालं. खांबांमध्ये उभं राहून हे सांगितलं की शाळेतलं पान मुलांना चटकन आठवतं. पुरातत्त्व खात्याच्या सगळ्या वास्तूंत १५ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत असतो. वयाचा पुरावा ठेवा आणि मोठ्यांची तिकिटं ऑनलाइन काढा, खिडकीची रांग वाचते. नंतर चांदणी चौक. सकाळी नऊ ते रात्री नऊ तिथे मोटारगाड्यांना बंदी असते, सायकल रिक्षा करा आणि बसायच्या आधी भाडं ठरवा.

रविवारी कुतुबमिनार. साडेबहात्तर मीटर उंच. १९८१च्या चेंगराचेंगरीनंतर आतून वर जाता येत नाही. आवार सपाट आहे, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना सोपं. दुपारनंतर मुलं लहान असतील तर चाणक्यपुरीचं रेल्वे संग्रहालय. तिथल्या छोट्या गाडीची तिकिटं सुट्टीच्या दिवशी लवकर संपतात, आत शिरल्या शिरल्या तीच आधी घ्या.

सोमवारी आग्रा. निजामुद्दीनहून सकाळी ८.१०ला सुटणारी गतिमान एक्स्प्रेस १०० मिनिटांत आग्रा कँटला पोचते आणि संध्याकाळी परत आणते. शुक्रवारी ती नसते. डिसेंबर-जानेवारीत मोटारीने यमुना एक्स्प्रेसवेवर पहाटे निघू नका, धुक्यात पुढची गाडी दिसत नाही आणि अपघात होतात. त्याच दिवसांत ताजचा सूर्योदय बघायचा हट्टही धरू नका. दहा-अकरापर्यंत घुमट धुक्यातच असतो. ताजचं तिकीट तीन तासांचं असतं, मुख्य कबरीसाठी वेगळे २०० रुपये पडतात, खाण्याचे डबे आणि मोठ्या बॅगा आत सोडत नाहीत. मोटारी ताजच्या थोड्या अलीकडे थांबवाव्या लागतात, तिथून बॅटरीवरच्या गाड्या मिळतात.

मंगळवारी सकाळी राष्ट्रीय युद्ध स्मारक. इंडिया गेटला लागून, प्रवेश मोफत. गोव्याच्या माणसाने ही जागा चुकवू नये. त्यागचक्राच्या भिंतींवर ग्रॅनाइटच्या विटा आहेत आणि एकेका विटेवर एकेका जवानाचं नाव, हुद्दा, पलटण कोरलेली आहे. १९६१ साली गोवा मुक्त करताना पडलेल्या जवानांची नावंही त्यांत आहेत. घाई न करता चालत वाचा. दरवर्षी १९ डिसेंबरला आपण झेंडावंदनाला उभे राहतो ते कुणामुळे, हे मुलांनी तिथे बोटाने नाव चाचपून समजून घ्यावं.

मेट्रोबद्दल थोडं. एक कार्ड सगळ्या घराला चालत नाही. आत जाताना आणि बाहेर पडताना प्रत्येकाला स्वतःचं कार्ड किंवा तिकीट लागतं. तीन फुटांपेक्षा कमी उंचीचं मूल मोफत. पहिला डबा बायकांसाठी राखीव, पुरुषांनी चुकूनही चढू नये. संध्याकाळी साडेपाच ते आठ राजीव चौक स्टेशनवर गाडी बदलणं टाळा. यलो लाइनवरून व्हायोलेटवर जायचं असेल तर सेंट्रल सेक्रेटेरिएट, ब्लूवरून व्हायोलेटवर मंडी हाउस. फळं कापायची सुरी पर्समध्ये ठेवू नका, तपासणीत अडवतात.

थंडीच्या कपड्यांना गोव्यात फार खर्च नको. जानेवारीत पहाटे पाच-सहा अंश असतात, पण एकच जाड जॅकेट घेण्यापेक्षा आतून थर्मल, वर स्वेटर, मग वारा अडवणारं जॅकेट असे थर बरे, कारण दुपारी उन्हात दोन थर काढावे लागतात. कानटोपी आणि पायमोजे मात्र इथूनच न्या. पहिली सकाळ फलाटावरच गाठते. बाकीचं सरोजिनी नगरला स्वस्त मिळतं.

खाण्यात तिसऱ्या दिवशी शीतकढीची, म्हणजे आपल्या भात-कढीची, आठवण येतेच. पराठे, छोले, पनीर यांनी पोट जड होतं, लहान मुलं तर भातासाठी रडतात. अशोका रोडवरच्या आंध्र भवनाच्या खाणावळीत पोटभर भात, आमटी, भाजी मिळते. दुपारी एकच्या आधी पोचा, नंतर रांग लागते. पाणी बाटलीचंच प्या. विमानाने जात असाल तर भेट म्हणून सुकं खोबरं सामानात घालू नका, त्यातल्या तेलामुळे ते चालत नाही.

परतीची गाडी निजामुद्दीनहून दुपारी असते. या स्टेशनला दोन बाजू आहेत: पिंक लाइनने आलात तर सराय काले खांच्या बाजूला उतरता, टॅक्सी बहुधा जुन्या मुख्य दाराशी सोडते. फलाट कुठल्या बाजूला पडतो ते पोचल्यावरच कळतं आणि सामानासकट पूल ओलांडावा लागू शकतो. निदान पाऊण तास आधी पोचा आणि रात्रीचं जेवण आधीच बांधून घ्या.