बारावीनंतरच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती कशी मिळवावी: विदर्भातील गावांसाठी मार्गदर्शक

बारावीचा निकाल आणि खरिपाची पेरणी यांत फारसे अंतर नसल्यामुळे बियाणे, खत आणि कॉलेजची फी हे तिन्ही खर्च शेतकरी कुटुंबावर एकाच हंगामात येतात. शासनाच्या योजना पुष्कळ आहेत. त्या हातून निसटतात त्या बहुधा कागदपत्रांमुळे, म्हणून तयारीची सुरुवात अर्जापासून नव्हे, तर दाखल्यांपासून करावी.

सर्वांत आधी जात वैधता प्रमाणपत्राचे काम हाती घ्यावे. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा असेल, तर बारावीत असतानाच कॉलेजमार्फत जात पडताळणी समितीकडे अर्ज करावा. अनुसूचित जमातींसाठी ही समिती वेगळी असते, हे लक्षात ठेवावे. या अर्जाला जुना पुरावा लागतो: अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १९६७ पूर्वीचा. आजोबा किंवा पणजोबा ज्या जिल्हा परिषद शाळेत शिकले, तिथल्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा हा त्यातला भक्कम पुरावा मानला जातो. आजोबा शाळेत गेलेच नसतील, तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची नक्कल काढावी. काका, आत्या किंवा चुलतभाऊ यांच्याकडे वैधता असेल, तर तिची प्रत आणि वंशावळ जोडल्याने काम बरेच हलके होते. नावात किंवा आडनावात फरक असेल, तर तो प्रतिज्ञापत्राने आधीच स्पष्ट करावा, कारण अशाच त्रुटींवर प्रकरण महिनोन्‌महिने अडकते.

उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि नॉन-क्रिमिलेअर (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा) हे दाखले सेतू केंद्रातून मिळतात. जूनमध्ये तिथे रांगा लागतात, म्हणून एप्रिल-मेमध्येच तलाठ्याचा अहवाल घेऊन अर्ज टाकावा. विद्यार्थ्याचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, हेही बँकेत जाऊन विचारावे. पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात, आणि आधार जुन्या, बंद पडलेल्या खात्याला जोडलेले असेल तर ते तिथेच अडकतात.

यानंतर योजना निवडावी. राज्याच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरले जातात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याच्या कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते; उत्पन्न त्याहून अधिक असेल तर फ्रीशिपचा, म्हणजे शुल्कमाफीचा पर्याय असतो. खुल्या प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मे शुल्क मिळू शकते. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी प्रवर्गातील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्यासाठी उत्पन्न आठ लाखांपर्यंत आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. संस्थास्तरावर, व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही, तेव्हा कोणी घाईने तशी जागा देऊ केली तर विचार करूनच पाऊल उचलावे.

फीइतकाच भार राहण्या-जेवणाचा असतो. मेळघाटातून अमरावतीला किंवा भामरागडहून नागपूरला गेलेल्या मुलाला तर तो फीपेक्षाही जड जातो. आधी शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करावा. तिथे जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जातीसाठी स्वाधार, जमातीसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयं आणि ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार या योजनांतून भोजन व निवासासाठी रोख रक्कम मिळते. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. पापळच्या या सुपुत्राच्या नावाची योजना त्यांच्याच अमरावती जिल्ह्यातल्या अनेक अल्पभूधारकांना माहीत नसते, ही खेदाची बाब आहे.

आई किंवा वडील बांधकाम कामगार मंडळात नोंदलेले असतील आणि नोंदणीचे नूतनीकरण झालेले असेल, तर पहिल्या दोन अपत्यांना तिथूनही शैक्षणिक साहाय्य मिळते. ही वाट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

बारावीत आपल्या परीक्षा मंडळाच्या वरच्या २० टक्क्यांत आलेल्या आणि साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्याने राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरील केंद्रीय योजना पाहावी. तीत पदवीसाठी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात, मात्र तिच्याबरोबर दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही. खासगी प्रतिष्ठानांच्या शिष्यवृत्त्याही असतात. अर्जासाठी पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे.

अर्ज भरला म्हणजे काम संपले असे नाही. अर्जाची छापील प्रत कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात द्यावी आणि पोहोच घ्यावी. दर आठवड्याला पोर्टलवर स्थिती पाहावी. अर्ज त्रुटीसाठी परत आला असेल, तर मुदतीत दुरुस्त करून पुन्हा पाठवावा. मोबाइल क्रमांक नेट कॅफेवाल्याचा न देता घरचाच द्यावा. शुल्काची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात आली, तर ती लगेच कॉलेजमध्ये भरून पावती जपून ठेवावी.

एवढे करूनही तूट राहिली, तर शैक्षणिक कर्जाकडे वळावे. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, अभ्यासक्रमाच्या काळातील व्याजावर केंद्राचे अनुदान मिळू शकते, म्हणून बँकेत उत्पन्नाचा दाखला देऊन त्याबद्दल लेखी विचारणा करावी.

दुसऱ्या वर्षी अर्ज नव्याने नव्हे, तर नूतनीकरण म्हणून भरावा लागतो. त्यासाठी पहिल्या वर्षाची गुणपत्रिका आणि जुना अर्ज क्रमांक हाताशी ठेवावा.